गणपतीच्या आधी दोन आठवडे

२०१७ च्या जुलैअखेर आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ स्वाइन फ्लूने गेले. वय ३८. ताप, घसा, अंगदुखी असं पाच दिवस त्यांनी अंगावर काढलं. सहाव्या दिवशी धाप लागली आणि पुढे दवाखाना, आयसीयू, व्हेंटिलेटर हे सगळं आठवड्याभरात होऊन गेलं. त्यांची मुलगी रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये सायकल चालवायची. ती सायकल नंतर कितीतरी दिवस जिन्याखाली तशीच उभी होती.

मला सहावा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तू स्वाइन फ्लूची लस घेऊन टाक." सासूबाईंचा वाढता हात थांबला. "गरोदर बाईला ती लस चालत नाही. तेव्हा पेपरातच आलं होतं," त्या म्हणाल्या. कऱ्हाडला आईला फोन केला तर ती म्हणाली, "लोक सांगतात म्हणून टोचून घेऊ नकोस. आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचार." तिघेही माझ्या काळजीनेच बोलत होते आणि तिघांचं ऐकून माझी झोप उडाली होती.

मी पुण्यातच शिकले. २००९ चा ऑगस्ट मी इथे पाहिलाय. ३ ऑगस्टला १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू. पुढच्या काही दिवसांत शाळा, थिएटरं, मॉल बंद झाले. लक्ष्मी रोडवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा. होस्टेलवर आम्ही मुली कापूर आणि वेलदोडे रुमालात बांधून हुंगत बसायचो, कारण कुणीतरी सांगितलं होतं आणि करण्यासारखं दुसरं काही हातात नव्हतं. लस तेव्हा नव्हतीच. फ्लूवरच्या टॅमिफ्लूच्या गोळ्याही सरकारी केंद्रातूनच मिळायच्या. त्या महिनाभराची भीती माझ्या अंगात कुठेतरी राहिलीय. म्हणून शेजारच्या विंगमधली ती बातमी मला परकी वाटली नाही.

लसीच्या बाबतीत माझं मन कुठे अडलं होतं ते मी आधी कबूल करते. मी काही केलं नाही आणि आजारी पडले, तर लोक नशीब म्हणतील. पण मी लस घेतली आणि बाळाला काही झालं, तर तो दोष आयुष्यभर माझा. वाचलेली सगळी माहिती या एका विचारापाशी येऊन थांबायची. तीन रात्री मी हेच घोळवत होते.

३ ऑगस्टला माझी नेहमीची तपासणी होती. डॉक्टर मॅडमना मी पहिल्यांदा सासूबाईंचंच वाक्य सांगितलं. मला वाटलं, त्या उडवून लावतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना बरोबर आठवतंय. फक्त ती लस वेगळी होती."

२०१० मध्ये पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूची लस काढली होती, नाकात फवारायची. माझ्या रूममेटने ती घेतलेलीही मला आठवत होती. दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा, सुई नाही म्हणून ती खूश होती. त्या लसीत विषाणू जिवंत असतो, कमजोर केलेला. म्हणून ती गरोदर बायकांना द्यायची नाही असं तेव्हा सांगितलं होतं आणि पेपरात आलं होतं ते हेच. दंडात टोचतात त्या लसीत विषाणू मारलेला असतो, त्याचे तुकडे फक्त. त्यातून फ्लू होऊच शकत नाही. सात वर्षांपूर्वीची एक खरी गोष्ट आमच्या घरात चुकीच्या लसीला चिकटून राहिली होती. हे कळल्यावर सासूबाईंशी वाद घालायची माझी गरजच संपली. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मी घरी जाऊन सर्वांत आधी त्यांना सांगितलं.

मग मी मॅडमना विचारलं, "घेतली तर होणारच नाही का?"

"होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "लस पसरणाऱ्या विषाणूशी जुळली तर डॉक्टरकडे जावं लागण्याइतक्या फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के मी सांगणार नाही." त्यांनी हे सरळ सांगितलं म्हणून पुढचं मी ऐकून घेतलं. गरोदरपणात प्रतिकारशक्ती बदलते, गर्भाशय वर सरकून फुप्फुसांना जागा कमी पडते, म्हणून साधा वाटणारा फ्लू या दिवसांत लवकर छातीत उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वांत वरचा क्रम दिला होता. आपल्या राज्य सरकारनेही गरोदर स्त्रियांना, दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत, ही लस मोफत ठेवली होती, मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनाही.

हे सगळं ऐकूनही माझं "हो" येत नव्हतं. ते आलं त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरमुळे.

मॅडमनी विचारलं, "बाळ किती महिन्यांचं झाल्यावर ही लस देता येते, माहिती आहे?" मला माहीत नव्हतं. सहा महिने. त्याआधी नाही. त्यांनी पेनने दाखवलं. आपल्याकडे हा आजार दोनदा उसळतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चच्या थंडीत. माझं बाळ नोव्हेंबरअखेर येणार, म्हणजे थंडीची लाट येईल तेव्हा ते एक ते चार महिन्यांचं असेल. त्याला लस देता येणार नाही. त्याच्या अंगात जे काही संरक्षण असेल ते माझ्याकडून नाळेतून गेलेलंच असेल, आणि ते माझ्या अंगात आधी तयार झालेलं असलं पाहिजे.

तोपर्यंत मी एकच प्रश्न विचारत होते, या लसीने बाळाला काही होईल का. बाळाला या लसीची गरज आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी पोटावर हात ठेवून त्या कॅलेंडरच्या चौकोनांकडे बघत बसले आणि खुर्चीतून उठायच्या आधी माझं ठरलं.

निघताना मॅडमनी आणखी एक सांगितलं, ते इथे मुद्दाम लिहिते. लस घेतली तरी ताप आला तर घरी बसायचं नाही आणि रिपोर्टची वाट बघायची नाही. गरोदर बाईला टॅमिफ्लूच्या गोळ्या लगेच सुरू करतात, पहिल्या ४८ तासांत केल्या तर उपयोग सर्वांत जास्त. त्या बी विंगमधल्या गृहस्थांचे पाच दिवस माझ्या डोळ्यांसमोर आले.

आता लस मिळवायची. अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. २५ ऑगस्टला गणपती बसणार होते आणि आम्ही सगळे गावी जाणार होतो, घरात चाळीस माणसं. पुढे सातव्या महिन्यात डोहाळजेवण. म्हणून ११-१२ तारखेपर्यंत टोचून झालं पाहिजे असा हिशेब केला.

शनिवारी जवळच्या सरकारी दवाखान्यात गेले. दीड तास उभी राहिले. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड बघितलं आणि साठा संपलाय, कधी येईल सांगता येत नाही म्हणाल्या. माझ्यामागे आठव्या महिन्यातली एक बाई होती, कामाचा खाडा करून आलेली. तिला मी म्हणाले, खासगीत मिळते. ती म्हणाली, "तिथे हजार रुपये घेतात हो ताई." तिला पुढे मिळाली का, मला माहीत नाही. सरकारने मोफत जाहीर केलेली वस्तू ऐन साथीत खिडकीवर नसणं हे मला आजही टोचतं. माझ्याकडे हजार रुपये होते, तिच्याकडे नव्हते, एवढाच आमच्यात फरक.

सोमवारी एका खासगी क्लिनिकमध्ये लस होती. कंपाउंडरने फ्रिजमधून खोका काढला. मी तो हातात मागितला, कारण मॅडमनी खोक्यावर काय वाचायचं ते लिहून दिलं होतं. फ्लूचा विषाणू बदलत राहतो, त्यामुळे लसही दर वर्षी नव्याने ठरते आणि त्यातल्या विषाणूंची नावं खोक्यावर छापलेली असतात. २०१० पासूनच्या लसींमध्ये स्वाइन फ्लूचा विषाणू होता कॅलिफोर्निया २००९. २०१७ ला तो बदलून मिशिगन २०१५ घातला, कारण पसरणारा विषाणू बदलला होता. त्या पावसाळ्यात आपल्याकडे मिशिगनच असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून कळलं होतं. माझ्या हातातल्या खोक्यावर बारीक अक्षरांत होतं "ए/कॅलिफोर्निया/७/२००९". खाली मुदत, त्याच महिन्यात संपणारी. मी म्हणाले, ही मागच्या हंगामाची आहे. तिथल्या डॉक्टरांनी "सगळ्या सारख्याच असतात" म्हणून सिरिंज उघडायला घेतली. मी उठले. एरवी डॉक्टरांसमोर माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी निघाला.

रस्त्यावर आल्यावर मात्र पाय थरथरत होते. वाटलं, आपण फार ताणतोय का? नसती नाटकं करतोय का? नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "घाई नको. योग्य तीच घेऊ." मग त्यानेच शोधलं. लहान मुलांचे डॉक्टर ही लस हमखास ठेवतात, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं. एका बालरोगतज्ज्ञांकडे फोनवर त्याने खोक्यावरची ओळ वाचून घेतली. "ए/मिशिगन/४५/२०१५."

शनिवार, १२ ऑगस्ट. सासूबाई म्हणाल्या, मी येते बरोबर. वेटिंग रूममध्ये सगळी रडणारी पोरं आणि मध्ये मी, पोट घेऊन. डॉक्टरांनी ताप बघितला, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का विचारलं. सासूबाईंनी लगेच विचारलं, "अंड्याचं का विचारता?" त्या माळकरी. आमच्या घरात अंडं येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, या लसीतला विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. सासूबाई गप्प झाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तू घे. बाळाचं आहे."

सुई टोचली ते मला नीट कळलंही नाही. अर्धा तास तिथेच बसवलं. बाळ लाथा मारत होतं, नेहमीसारखंच. रात्री दंड दुखला, दुसऱ्या दिवशी थोडी कणकण, एक पॅरासिटामॉल, तिसऱ्या दिवशी काही नाही. ती कणकण असताना मात्र मी दर तासाला पोटावर हात ठेवून मोजत होते, हेही खरं.

सासूबाईंना साखर आहे, म्हणजे त्याही त्या मोफत यादीत. आषाढीची वारी करून आल्यापासून त्यांचा खोकला पंधरा दिवस हटला नव्हता. पण अंड्याचं कळल्यावर मी त्यांना लसीचं नाव काढलं नाही. माळेचा प्रश्न त्यांचा आणि विठोबाचा, सुनेने त्यात बोलायचं काय? गणपती झाले. सप्टेंबरमध्ये एक दिवस त्यांनीच विषय काढला. "बाळाला रात्रंदिवस मीच घेऊन बसणार. मला झालं तर ते आधी त्याच्याकडे जाईल ना?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी बुवांना विचारलं. ते म्हणाले, औषध ताटात येत नाही." त्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात साठा आला होता. टोचून घेताना त्यांनी दुसऱ्या हाताने गळ्यातली माळ धरून ठेवली होती.

२८ नोव्हेंबरला मुलगी झाली. फेब्रुवारीत नवऱ्याला कडक ताप आला, डॉक्टरांनी फ्लू म्हणून गोळ्या सुरू केल्या. पाच दिवस तो वेगळ्या खोलीत झोपला. मला, सासूबाईंना, बाळाला काही झालं नाही. ते लसीमुळे, की दार लावून घेतल्यामुळे, की व्हायचंच नव्हतं म्हणून, हे मी सांगू शकत नाही. त्या पाच रात्री बाळाला छातीशी घेऊन मी झोपू शकले, एवढं मी सांगू शकते.

जूनमध्ये, मुलगी सहा महिने पूर्ण करून सातव्यात गेल्यावर, तिच्या पहिल्या डोससाठी आम्ही पुन्हा त्याच बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. सासूबाईंनी चष्मा लावला, खोका हातात घेतला आणि खिडकीजवळ उजेडात नेला. "मिशिगनच आहे ना गं?" त्यांनी विचारलं. तेच होतं.