सामूहिक वनहक्काचा दावा आणि पंचनाम्यावरची रिकामी जागा

जंगल आणि वृक्षाच्छादन वाढवून २०३० पर्यंत २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याची अतिरिक्त क्षमता उभी करू, असे भारताने पॅरिस कराराच्या निमित्ताने जगाला सांगितले आहे. त्याच देशात, उभे असलेले जंगल राखण्याचा हक्क मागणारा पूर्व विदर्भातील आमच्या ग्रामसभेचा दावा एका सहीसाठी अडून बसला होता.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गावाला आपल्या पारंपरिक सीमेतील जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला तो २००९ मध्ये मिळाला, त्यामुळे वाट ठाऊक होती. ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समिती, नमुना ‘ग’ म्हणजे दाव्याचा अर्ज, जुने निस्तार पत्रक म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची सरकारी नोंद, वृद्धांचे लेखी जबाब हे सारे सुरळीत पार पडले.

अडले ते स्थळ पडताळणीवर. आम्ही वनखाते आणि महसूल खाते या दोघांनाही लेखी सूचना दिली. ठरलेल्या दिवशी गावकरी म्हाताऱ्यांना सोबत घेऊन नाल्यापासून डोंगराच्या धारेपर्यंत सीमा फिरले. तलाठी आले, वनखात्याचे कोणीच आले नाही. पंचनाम्यावर अंगठे उमटले, सह्या झाल्या, आणि ‘वन विभागाचे प्रतिनिधी’ या शब्दांपुढची जागा तेवढी कोरी राहिली. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून उपविभागीय कार्यालयातील लिपिकाने दावा परत केला. वनखात्याकडे गेलो तर साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले तर ‘वरून आदेश नाही’. पुढे त्याच कार्यालयाने उपग्रह नकाशाची मागणी काढली, जणू निस्तार पत्रक म्हणजे रद्दी.

या काळात उन्हाळा आला आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळताना लागलेली आग बांबूच्या रांजीत शिरली. वणव्यात नुसता पाला जळत नाही. कोवळी रोपे जातात, उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते आणि झाडांनी व जमिनीने वर्षानुवर्षे साठवलेला कार्बन काही तासांत हवेत परततो. हिरव्या फांद्यांनी झोडपून ती आग विझवली ती आमच्याच पोरांनी, कागदोपत्री ज्यांचा त्या जंगलावर काडीचाही अधिकार नव्हता. वणवा विझवायला मात्र कोणी सहीचा अधिकार विचारला नाही.

शेवटी उपयोगी पडला तो २०१२ च्या सुधारित नियमांतील नियम १२-क. पडताळणीच्या वेळी आपला प्रतिनिधी हजर नव्हता म्हणून खात्याने नंतर हरकत घेतली, तर जिल्हास्तरीय समिती दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे पाठवू शकते. पण प्रतिनिधी पुन्हा गैरहजर राहिला तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. विशिष्ट कागदच हवा असा हट्ट दावे तपासणाऱ्या समित्यांना धरता येत नाही, हेही त्याच नियमात आहे. आम्ही या नियमाची प्रत अर्जाला जोडली, फेरपडताळणीची मागणी केली आणि सूचनापत्रावर तारीख व शिक्क्यासह पोच घेतली. या वेळी वनपाल वेळेआधी हजर झाले, याचा मला अजूनही आनंद होतो.

म्हणून सांगतो, तोंडी निरोपावर विसंबू नका. प्रत्येक पत्राची पोच घ्या आणि दावा नामंजूर होत असेल तर कारणे लेखी मागा. आधीच सांगायला हवे होते ते असे की, ग्रामसभेच्या हजेरीपटावर गणपूर्ती स्पष्ट दिसली पाहिजे: निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. आमच्याकडे स्त्रियाच जास्त होत्या, कारण जंगलात रोज जाणे त्यांचेच असते.

हक्कपत्र मिळाल्यावर ग्रामसभेने जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, आखल्या आणि मोहाखाली पाला जाळण्याऐवजी तो झाडून गोळा करण्याचा नियम केला. हक्काची नोंद महसूल आणि वन अभिलेखांत तीन महिन्यांच्या आत व्हावी, असे नियम सांगतो. आमची ती नोंद अजून झालेली नाही. त्या अर्जाचीही पोच आमच्याकडे आहे.