दोन खेळाडू, चार कॅरेक्टर्स आणि न संपणारी लढाई

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. आमच्याकडे ताई, मी आणि आमचा डीएम (गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा), एवढीच माणसं. आणखी कुणी मिळेना, म्हणून ठरलं की आम्ही दोघांनी दोन-दोन कॅरेक्टर्स, म्हणजे पात्रं, चालवायची. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या स्टार्टर सेटमधली मोहीम चार-पाच जणांची पार्टी धरून लिहिलेली आहे. सुरुवातीलाच चार गॉब्लिन अंगावर येतात, तिथे दोघांचा निभाव लागणं कठीण. मी क्लेरिक (देवाच्या शक्तीने बरं करणारा) आणि रोग (लपूनछपून वार करणारा) घेतले, ताईने फायटर (लढवय्या) आणि विझर्ड (जादूगार). कॅरेक्टर शीट वगैरे एका बैठकीत उरकलं.

अडलं ते इनिशिएटिव्हपाशी, म्हणजे लढाईत कुणाची पाळी कधी हे ठरवण्यापाशी, आणि त्याचा राग मला अजून येतो.

नियम असा की लढाई सुरू झाली की प्रत्येक कॅरेक्टरसाठी वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) मॉडिफायर, म्हणजे ठरलेला आकडा, मिळवायचा आणि त्या क्रमाने टर्न घ्यायचे. माझ्या दोघांचे आकडे लागोपाठ आले की मी सलग दोन टर्न खेळत बसायचो. रोगला स्नीक अटॅक, म्हणजे जादा नुकसान करणारा वार, करायचा तर बहुतेक वेळा शत्रूच्या पाच फुटांत आपलं कुणीतरी हवं, म्हणजे आधी क्लेरिक कुठे उभा करायचा याचा हिशेब. क्लेरिकने ब्लेस हा आशीर्वादाचा मंत्र टाकलेला असला की तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि सेव्हमध्ये (धोक्यातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशात) चार बाजूंचा फासा मिळवायचा. त्यात क्लेरिकला मार बसला की कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्र चालू ठेवणारी एकाग्रता, टिकतंय का ते बघायचं: दहा किंवा झालेल्या नुकसानाचं अर्धं, जे जास्त असेल त्याच्याविरुद्ध फासा टाकून. खेळातली फेरी सहा सेकंदांची, आणि तेवढ्यात ताईच्या हातात मोबाइल आलेला. तिला कंटाळा आला नव्हता. तिला खेळायचं होतं आणि तिचा टर्नच येत नव्हता. हे बघवत नसे.

आधी दोन्ही कॅरेक्टर्सना मिळून एकच फासा टाकून पाहिला. वेळ वाचला, पण लढाईतली मजा गेली. क्लेरिक पुढे सरकणार, त्याच क्षणी रोग वार करणार, मध्ये शत्रूला श्वास घ्यायलाही जागा नाही. डीएम वैतागला, आणि त्याचं बरोबर होतं.

मग त्यानेच तोडगा काढला. मी आणि ताईने एकेक फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा त्याचं एक कॅरेक्टर पहिलं, मग दुसऱ्याचं एक, मग पुन्हा पहिल्याचं. शत्रू डीएम मधल्या जागांत बसवतो. सलग दोन टर्न कुणालाच नाहीत. पुस्तकात असं नाही, पण दोन खेळाडू असतील तर हेच करा, माझं ठाम मत आहे.

दुसरा उपाय माझा, आणि त्याचा मला अभिमान आहे. दोघांपैकी एकासाठी आधीच हुकूम लिहून ठेवायचा. माझ्या क्लेरिकच्या कार्डावर लिहिलं होतं: पहिल्या फेरीत ब्लेस, नंतर समोर असेल त्याला गदा, आपल्या कुणाची ताकद शून्यावर गेली की हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र. तो मुख्य कृतीशिवाय जादा मिळणारी कृती, म्हणजे बोनस अॅक्शन आहे आणि साठ फुटांवरून चालतो, त्यामुळे फार विचार लागत नाही. डोकं सगळं रोगसाठी मोकळं. लढाया आटोपून गावातल्या लोकांशी बोलायला वेळ उरू लागला तेव्हा इतकं हलकं वाटलं!

एकाने अनेक कॅरेक्टर्स चालवण्याला कुणी जुगाड म्हटलं तर ऐकू नका. १९८७च्या आर्स मॅजिका या अशाच खेळामध्ये जादूगार, त्याचे साथीदार आणि सगळ्यांच्या सामाईक मालकीचे शिपाई अशी रचनाच आहे. डंजन क्रॉल क्लासिक्स या दुसऱ्या खेळात तर सुरुवातीला एकेकाच्या हातात अनेक साधी गावकरी माणसं देतात आणि जगतील ती पुढे खेळतात.

आपल्याच दोन कॅरेक्टर्सना एकमेकांशी बोलायला लावू नका, हे सांगायचं राहिलं. टेबलावर ते ऐकणं अवघड जातं. माझा रोग ताईच्या फायटरशी भांडायचा, क्लेरिक तिच्या विझर्डची समजूत काढायचा. आणि रोगने एकट्याने पुढे जाऊन काही पाहिलं असेल, तर तो परत येऊन बोलेपर्यंत क्लेरिकला ते माहीत नाही, हे कटाक्षाने पाळा.

फासे दोन रंगांचे घ्या. प्लेअर्स हँडबुक हे नियमांचं मोठं पुस्तक वापरत असाल, तर तिसऱ्या लेव्हलला रोगसाठी आर्केन ट्रिकस्टर हा जादू करणारा प्रकार घेऊ नका. क्लेरिकची स्पेल्स (मंत्र) सांभाळताना दुसरी यादी कशाला? थीफ हा बिनजादूचा प्रकार घ्या.