तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या मुलांना चित्रांची पुस्तकं कशाला?

दर शनिवारी दुपारी नाशिकमधल्या मखमलाबाद रोडच्या आमच्या घरी दहा-बारा मुलं जमतात, पाचवी-सहावीची. आम्ही चित्रपुस्तकं वाचतो आणि मग मुलं स्वतःच्या आठवणी लिहितात. न्यायला आलेले पालक पुस्तकांचा ढीग बघतात आणि ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, ही तर बालवाडीची पुस्तकं. एवढ्या मोठ्या मुलांना कशाला? आणि दहा वर्षांच्या पोराला कसल्या आल्यात आठवणी?" दारात चपला घालता घालता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आठवणी असतात, ढिगाने असतात. गाडं अडतं ते शाळेतल्या निबंधापाशी. 'माझी सहल' लिही म्हटलं की पोरगं पहाटे पाचला उठतं, दात घासतं, बसमध्ये बसतं आणि शेवटी 'दिवस कसा मावळला ते कळलेच नाही'. मधे त्याला खरंच काय आठवतंय, याचा पत्ता नाही. चित्रपुस्तकाला एवढी ऐसपैस जागाच नसते. साधारण ३२ पानं, पानावर दोन-चार ओळी. दात घासण्यात पान घालवलं तर गोष्ट कुठे मावणार? शिवाय चित्रात दिसतंय ते ओळीत परत सांगायचं नाही. हे मी समजावत बसत नाही. आधी मजकुरावर कागद ठेवून नुसती चित्रं दाखवते, मग चित्रं झाकून नुसत्या ओळी वाचते. काय निसटलं ते मुलंच ओरडून सांगतात.

(लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर इथलंच, जलालपूरचं. त्यांनी आपल्या आठवणींना नावच 'स्मृतिचित्रे' दिलं. पालक फारच हटून बसले की मी हे शस्त्र काढते.)

सुरुवातीला माझंही चुकलं. आजी वारल्याची एक गोष्ट वाचली आणि म्हटलं, आता तुम्ही लिहा. चौदापैकी अकरा आज्या वारल्या. त्यातल्या दोघी नातवंडांना न्यायला दारात उभ्या होत्या! तेव्हापासून पुस्तक वाचल्या वाचल्या कोणी पेन हातात घ्यायचं नाही. आधी चित्र काढायचं, शब्द नंतर.

एका मुलाने ऑगस्ट २०१९चा पूर घेतला. तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आणि वडिलांचं दुकान भांडीबाजारात. पहिल्या कागदावर 'मुसळधार पावसामुळे जनजीवन विस्कळीत झाले', 'गोदामाईने रौद्र रूप धारण केले', आणि दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला तेही. नाशकात पूर त्या मारुतीवरच मोजतात, त्यामुळे ते यायचंच. पण सगळं पेपरातलं. म्हटलं, तू कुठे होतास? तेवढंच काढ.

त्याने काउंटर काढला. काउंटरवर तो स्वतः, पाय पोटाशी घेतलेले. खाली पाण्यात तरंगणारी एक पितळी परात. आणि वडील, पाठमोरे.

आमचं पुस्तक म्हणजे ए-फोर कागद. तीन घड्या, मधे एक काप, की आठ पानं होतात. मुखपृष्ठ धरून. त्याने एका पानावर लिहिलं, 'पप्पा म्हणाले, इथून हलायचं नाही.' पान उलटलं की फक्त, 'मी हललो नाही.' त्याच्या पुढच्या पानावर, 'पायाला मुंग्या आल्या. तरी हललो नाही.' पाणी किती चढलं, नुकसान किती झालं, एक अक्षर नाही. पाणी प्रत्येक चित्रात थोडं थोडं वर येत होतं.

मी विचारलं, "पप्पांचा चेहरा का नाही काढलास?"

"दिसतच नव्हता ना. ते एकदाही वळले नाहीत."

संध्याकाळी वडील न्यायला आले. उभ्या उभ्या आठही पानं वाचली. मग पहिल्या पानावर परत गेले. "अरे, काउंटर कसला? तो पाण्यातच होता. तुला माळ्यावर बसवलं होतं मी."

मुलाने त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, घडी नीट केली आणि म्हणाला, "माझ्या पुस्तकात काउंटरच आहे."