न ऐकू आलेला प्रश्न

बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात सेलम. ऑक्टोबरात, हॅलोविनच्या गर्दीत जाऊ नकोस, असं बहिणीनं बजावलं होतं, गेलोच. स्टेशनपासूनच टोकदार काळ्या टोप्यांची जत्रा. पोलिसांच्या गाडीवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण! १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून इथं १९ जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चेंगरून मारलं. आज त्याच्यावरच गावाचा धंदा. मला खटकलं, पण चेटकिणीच्या चित्राचा कॉफी-मग मीही घेतलाच.

फाशीची नेमकी जागा २०१६मध्ये नक्की झाली. एका औषधाच्या दुकानामागचा उतार आहे, तिथं चिटपाखरू नव्हतं.

ज्या वस्तीत हे चेटकाचं प्रकरण सुरू झालं ते सेलम व्हिलेज म्हणजे शेजारचं डॅनव्हर्स. तिथं आरोपींपैकी एक, रिबेका नर्स, हिचं लाकडी घर आहे. वय ७१, नेमानं चर्चला जाणारी बाई. 'हिची छाया येऊन आम्हाला छळते' असं वस्तीतल्या काही मुली सांगत, आणि कोर्ट तो पुरावा धरी. तरी ज्यूरीनं तिला आधी निर्दोष ठरवलं होतं! मुलींनी एकच आकांत मांडला. मग मुख्य न्यायाधीशांनी ज्यूरीला तिचंच एक वाक्य आठवून दिलं: दुसरी एक आरोपी साक्षीला आली तेव्हा रिबेका म्हणाली होती, 'ही तर आमच्यातलीच.' आमच्यातली म्हणजे चेटकीण? ज्यूरीनं विचारलं. ती गप्प. ज्यूरीनं निकाल फिरवला.

तिला कमी ऐकू यायचं. प्रश्न कानावर पडलाच नाही. 'माझ्यासारखीच कैदी' एवढंच म्हणायचं होतं, असं तिनं नंतर लिहून दिलं. माझी आजी शेवटी शेवटी अशीच समोर बघत बसायची, आणि आम्ही नातवंडं हसायचो. ते तिथं अंगणात उभं असताना आठवलं. १९ जुलैला रिबेकाला फाशी दिलं.

घरामागच्या दफनभूमीत तिच्या स्मारकाजवळ दुसरा एक दगड आहे, तिच्यासाठी अर्जावर सह्या करणाऱ्या ४० शेजाऱ्यांचा. त्या दिवसांत अशी सही करणं म्हणजे आपणहून संशय ओढवून घेणं. सह्या करणाऱ्यांत जोनाथन पुटनमही होता. मार्चमध्ये तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवणाऱ्या दोघांपैकी एक.