छोट्या कंपनीने लाभांशाचं धोरण लिहून द्यावं

मे महिन्यात निकाल लागायला लागले की शेजारचे काका विचारतात, "ताई, दीडशे टक्के लाभांश दिलाय, शेअर घेऊ काय?" टक्के मोठे दिसतात, पण ते दर्शनी किमतीवरचे, म्हणजे शेअरच्या मूळ छापील किमतीवरचे असतात. १० रुपयांच्या शेअरवर १५० टक्के म्हणजे १५ रुपये. तोच शेअर बाजारात ७५० ला चालला असेल तर हातात पडतात २ टक्के. याहून जास्त व्याज फोंड्यातली कुठलीही बँक मुदतठेवीवर देते.

मी एका सीएच्या ऑफिसात कुंडई-मडकईच्या छोट्या कारखान्यांचे हिशेब बघते. त्यामुळे मला टक्क्यांपेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: नफ्यातला किती हिस्सा वाटायचा आणि कोणत्या परिस्थितीत वाटायचा नाही, हे कंपनीने आधी लिहून ठेवलंय का?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१६ मध्ये लाभांश वाटपाचं धोरण जाहीर करण्याची सक्ती बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना केली. २०२१ मध्ये ती १००० पर्यंत नेली. त्याखालच्या कंपन्यांनी स्वेच्छेने द्यावं, एवढंच. मला हे उलटं वाटतं. मोठ्या कंपनीवर म्युच्युअल फंडांची आणि विश्लेषकांची नजर असते. छोट्या कारखान्याच्या शेअरहोल्डरकडे वार्षिक अहवालापलीकडे काही नसतं. खरी गरज त्याला आहे.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. सत्तरीत होंड्याला ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा आहे, १९८० साली ईडीसी (गोवा सरकारची वित्तसंस्था) आणि टाटांनी मिळून काढलेली. बसच्या बॉड्या आणि पत्र्याचे सुटे भाग बनवते. दुसरी गोवा कार्बन. तिचा कॅल्साइन्ड पेट्रोलियम कोक (तेलशुद्धीकरणातून निघालेला आणि भट्टीत भाजलेला कोक) ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना लागतो. कोविडमध्ये शाळा आणि पर्यटन बंद झालं तेव्हा नवी बस कोण घेणार होतं? कोकच्या धंद्यात कच्च्या मालाचा भाव आणि विक्रीचा भाव यांच्यातलं अंतर कमी झालं की नफा आटतो. अशा धंद्यांनी 'दर वर्षी शेअरमागे अमुक रुपये' असं वचन देऊच नये. 'नफ्याच्या २५ ते ३५ टक्के, आणि तोट्याच्या वर्षी काही नाही' असं म्हणणारी कंपनी मला जास्त भरवशाची वाटते.

आणि नफा म्हणजे रोकड नव्हे, हे तर मी रोज बघते. समजा, एका कारखान्याच्या पुस्तकात ८ कोटींचा नफा आहे. पण गिऱ्हाईक तीन-तीन महिने पैसे सोडत नाही, गोदामात पत्रा पडून आहे, आणि वर्षभरात प्रत्यक्ष हाती आले ३ कोटी. त्यातले २ कोटी नव्या पॉवर प्रेसला गेले. उरला १ कोटी, आणि संचालक मंडळ शिफारस करतं ४ कोटींच्या लाभांशाची. वरचे ३ कोटी येणार कुठून? बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जातून, व्याज भरून. कायद्याने लाभांश जाहीर झाल्यापासून ५ दिवसांत रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी लागते आणि ३० दिवसांत वाटावी लागते, त्यामुळे उधारी वसूल होईपर्यंत थांबायची सोय नाही. म्हणून अहवाल हातात आला की मी आधी कॅश फ्लोचं पान उघडते.

गोव्यात ही गोष्ट नवी वाटू नये. कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेत, शेतांच्या पावणीचे (लिलावाचे) पैसे यायचे, त्यातून आधी बांध आणि मानशी (पाणी अडवायची दारं) यांचा आणि गावचा खर्च निघायचा, आणि उरलेल्यातून गावकारांना, म्हणजे तिच्या वंशपरंपरागत सदस्यांना, झोण (वाटा) मिळायची. बांध फुटलेला ठेवून झोण वाटली असती तर पुढच्या वर्षी शेतात खारं पाणी शिरलं असतं.

कराबद्दल थोडं, कारण आमच्या ऑफिसात याचा घोळ फार होतो. एप्रिल २०२० पासून लाभांशावर कर भागधारकाने भरायचा आहे, आणि एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांच्या वर गेला की १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला जातो. पण पोर्तुगीज नागरी संहितेखाली येणाऱ्या गोवेकर नवरा-बायकोचं पगाराव्यतिरिक्त उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं धरतात. १९६१च्या आयकर कायद्यात ते कलम ५अ होतं. शेअर नवऱ्याच्या नावावर, टीडीएस त्याच्या पॅनवर, तरी अर्धा लाभांश बायकोच्या रिटर्नमध्ये जायला हवा, आणि टीडीएसचं श्रेयही तसंच वाटून.

वार्षिक सभा आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन असते. बोलायचं तर आधी ईमेल करून वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. सभेत संचालकांनी सुचवलेला लाभांश भागधारक कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत, म्हणून 'थोडा वाढवा' ही विनंती तिथे निरुपयोगी. यंदा मी ज्या कंपन्यांची भागधारक आहे त्यांना एवढंच लिहून पाठवणार आहे: पुढच्या तीन वर्षांत यंत्रांवर किती खर्च करायचा विचार आहे, तो नफ्यातून करणार की कर्जातून, आणि लाभांशाचं धोरण पुढच्या अहवालात छापणार का? काकांनाही हाच मजकूर दिलाय.