अपडेट : आधी गप्प, मग गप्पा, आणि काना नसलेली गोष्ट

मागच्या वेळी लिहिलं होतं की आमच्या ग्रुपमध्ये बोलायची पद्धत बदलून बघतोय. ग्रुप म्हणजे काय तर स्केच काढणारे आम्ही दोघंतिघं, थोडे लिहिणारे, एक विणकामवाली आणि एक लाकडाचं काहीबाही करत बसणारा. आता पुरेसे दिवस झालेत, त्यामुळे काय चाललं आणि काय नाही ते टाकतो.

सगळ्यात जास्त फरक पडला तो आधी गप्प बसण्याने. विषय निघाला की पहिली पाच मिनिटं कोणी तोंड उघडायचं नाही, आपापल्या कागदावर सुचेल ते खरडायचं, मग कागद शेजारी सरकवायचा आणि त्याने तुमचं वाचून त्यात स्वतःची भर घालायची. ही युक्ती आमची नाही, बर्न्ड रोरबाख नावाच्या जर्मन माणसाने १९६८ मध्ये मांडलेली आहे, ६-३-५ म्हणतात तिला. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, दर फेरीला पाच मिनिटं. कागद सगळ्यांकडून फिरून आला की अर्ध्या तासात १०८ कल्पना कागदावर. त्यातल्या शंभर टाकाऊ असतात हे खरंय, पण उरलेल्या आठ एरवी कुठे सुचल्या असत्या.

आधी आम्ही सरळ ब्रेनस्टॉर्मिंग करायचो, म्हणजे सगळ्यांनी एकदम बोलायचं, टीका नाही, जे येईल ते येऊ दे. अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरातवाल्याने हा प्रकार पॉप्युलर केला. ऐकायला मस्त वाटतं, पण १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तपासून बघितलं होतं की चार जण एकत्र बसून जेवढं काढतात त्यापेक्षा चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेलं एकत्र केलं, डबल आलेलं वगळलं, तरी जास्त भरतं. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या मानसशास्त्रज्ञांनी कारण शोधलं, मोठं कारण निघालं ते म्हणजे आपली पाळी यायची वाट बघणं. हे वाचलं आणि पटलंच एकदम, कारण समोरचा बोलत असताना आपण आपला मुद्दा डोक्यात धरून बसतो, त्याचं धड ऐकत नाही आणि आपली पाळी येईपर्यंत आपलंही अर्धं विसरलेलं असतं. आमच्या ग्रुपमध्ये तर एक जण असा आहे की तो सुरू झाला की बाकीच्यांनी वही मिटावी. कागदावर मात्र त्यालाही तीनच ओळी मिळतात, हा बोनस.

दुसरी गोष्ट फीडबॅकची. "मस्त", "भारी", "आवडलं" यावर कोणाचंच पोट भरत नाही आणि "पर्स्पेक्टिव्ह गंडलाय" ऐकून पुढचे चार दिवस पेन्सिल हातात घ्यावीशी वाटत नाही. लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये एक क्रम बसवला, तो आम्ही घेतलाय. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की काय भिडलं, मग काम करणाऱ्याने स्वतः प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे पण त्यात मत लपवलेलं नको, आणि शेवटी मत, तेही "सांगू का?" विचारून. तिसरी पायरी सगळ्यात अवघड. "इतकं काळं का केलंस?" हा प्रश्न नाहीच, ती तक्रार आहे.

माझं एक स्केच होतं, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला शर्ट. काढताना मी फक्त चुण्या बघत होतो, कापड कुठे लोंबतं, कुठे ताणतं वगैरे. लाकूडवाल्याने विचारलं, "हा माणूस आत्ताच उठून गेलाय की बरेच दिवस आलेलाच नाही?" मला उत्तर देता येईना. घरी येऊन त्याच खुर्चीची दोन चित्रं काढली, एकात सीटवरची उशी मधोमध दबलेली आणि शर्टाची एक बाही अजून उलटी, दुसऱ्यात उशी फुगलेली आणि शर्टाचे खांदे खुर्चीच्या कडांवर टोक येऊन तसेच बसलेले. एवढ्या एका प्रश्नातून दोन चित्रं निघाली, आणि पहिल्यापेक्षा दोन्ही बरी आहेत, असं माझं मत (कोणी विचारलेलं नसताना).

आता मजेचा भाग. दर महिन्याला कोणीतरी एक बंधन ठरवतं. पॅरिसमध्ये १९६० साली ऊलिपो नावाचा लेखक आणि गणितवाल्यांचा गट सुरू झाला, ते बसून असलीच बंधनं शोधायचे, त्यातल्या जॉर्ज पेरेकने तर १९६९ मध्ये फ्रेंचमधलं ई अक्षर न वापरता पूर्ण कादंबरी लिहिली. आमच्या लिहिणाऱ्यांनी ठरवलं, काना बंद. ओकारातली उभी रेघसुद्धा चालणार नाही. सोपं वाटलं होतं, मग कळलं की "आहे" गेलं, "आणि" गेलं, "नाही" गेलं, "नको"पण गेलं, म्हणजे नकार द्यायची नेहमीची सोयच उरली नाही. "तो" गेला आणि गेला, आला, बसला ही सगळी मंडळीही गेली, त्यामुळे सगळ्यांच्या गोष्टीत आपोआप "ती" आली! एकीने लिहिलेली ओळ : "ती उठून खिडकीशी बसली, ऊन पुस्तकभर पसरलं." आता "पुस्तकभर ऊन" हे एरवी सुचलं असतं का, तर तीच म्हणाली की नसतं, "पानावर" लिहून मोकळी झाले असते. स्केचवाल्यांना त्याच महिन्यात पेन न उचलता काढायचं होतं, ते ठीकठाक झालं, त्यावर विशेष लिहिण्यासारखं नाही.

न चाललेलं : रोजचा विषय. रोज एक शब्द द्यायचा आणि त्यावर काहीतरी करायचं, हे आठवड्याभरात हजेरीपुरतं उरलं. लोक करत होते पण त्यावर बोलत कोणीच नव्हतं, आणि बोलणं नसेल तर ग्रुप कशाला, घरी बसून पण करता येतं की. ते बंद केलंय. त्याऐवजी एकच विषय आठवडाभर ठेवतो, मधल्या दिवसांत डोक्याच्या मागे तो शिजत राहतो आणि भलत्याच वेळी, लिफ्टची वाट बघताना वगैरे, काहीतरी सुचतं. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे सांगितले होते त्यातला दुसरा हाच, विषय बाजूला ठेवून मुरू द्यायचा. तुमच्याकडे कोणी रोजचा विषय टिकवला असेल तर कसा ते सांगा, मला खरंच उत्सुकता आहे.

पुढचं बंधन विणकामवाली ठरवणार आहे. तिने आत्ताच जाहीर केलंय की महिनाभर खोडरबर बंद, लिहिणाऱ्यांनीही खोडायचं नाही, लाकूडवाल्यानेही घासून लपवायचं नाही. स्वतःला मात्र उसवायची परवानगी हवी आहे तिला, कारण म्हणे उसवणं म्हणजे खोडणं नव्हे. यावर वाद अजून चालू आहे.