वेल्लोर, जिंजी, तंजावर: गड सकाळी, जेवण दुपारी, गाव संध्याकाळी

तमिळनाडूतल्या जिंजीच्या किल्ल्यावर जायचं ठरवलंत, तर त्याच सहलीतून रामेश्वर आणि कन्याकुमारी आधी काढून टाका. टूरवाल्यांच्या 'दक्षिण भारत दर्शन'मध्ये तंजावरला दोन तास मिळतात आणि जिंजीचं नावही नसतं. मराठी माणसाने तमिळनाडूत पाहावं असं जे आहे, ते वेल्लोर ते तंजावर या पट्ट्यातच इतकं आहे की आठवडा कमी पडतो. आम्ही चौघं गेलो होतो: मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले सासरे. म्हणजे चढणारे दोन, बसून बघणारे एक, आणि जेवणाची वेळ झाली की कुठल्याही तटबंदीला न जुमानणारी एक.

ऋतूचं आधी सांगतो. आपल्याकडचा पावसाळा संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, वादळंही त्याच दिवसांत. मार्चपासून पुढे जिंजीचे कातळ तापतात. उरले जानेवारी आणि फेब्रुवारी. त्यातही पोंगलचा आठवडा, म्हणजे आपली संक्रांत, टाळा, कारण बस, रेल्वे, लॉज सगळं भरलेलं असतं. कॅलेंडरवर पौर्णिमाही बघून घ्या. पौर्णिमेला तिरुवण्णामलैला गिरिप्रदक्षिणेसाठी एवढी गर्दी लोटते की गावात खोली मिळणं आणि गावातून गाडी बाहेर काढणं दोन्ही मुश्कील होतं.

जायला दादर–पुदुच्चेरी चालुक्य एक्स्प्रेस सोयीची. पुणे, मिरज, हुबळी, बंगळूर करत ती काटपाडीला येते आणि काटपाडी म्हणजे वेल्लोरचं दारच. रोज नसते, म्हणून सहलीचा पहिला दिवस तिच्या वारावरून ठरवा. दिवस जुळत नसतील तर बंगळूरपर्यंत कसंही जा. तिथून काटपाडीला गाड्या भरपूर आहेत. बंगळूरहून रस्त्याने येणाऱ्यांनी वाटेत आंबूरला बिर्याणीसाठी थांबावं. ही बिर्याणी बासमतीची नव्हे, तर जिरेसाळीसारख्या बारीक, ठेंगण्या सीरग सांबा तांदळाची. लाल मिरचीच्या वाटणात शिजवलेलं मटण आणि सोबत चिंचेतलं वांगं. हैदराबादी बिर्याणीची सवय असलेल्याला ती आधी साधी वाटते आणि दुसऱ्या वाढपाला मत बदलतं. शाकाहारींनी वेल्लोरजवळ अर्काटचा मक्कन पेडा शोधावा. नाव पेडा, पण वस्तू गुलाबजामच्या घराण्यातली, आत सुकामेवा भरलेला.

वेल्लोरचा किल्ला भुईकोट आहे आणि ऐन गावात आहे. खंदकात आजही पाणी आहे. बखरकार या खंदकात हजारो सुसरी असल्याचं लिहितो. आकड्याचं सोडा, पण खंदकाच्या काठावर उभं राहिलं की मराठ्यांना तो घ्यायला वर्षाहून जास्त वेळ का लागला ते कळतं. दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये वेढा घातला आणि किल्ला १६७८ मध्ये हाती आला. समोरच्या टेकड्यांवर महाराजांनी तोफा डागण्यासाठी साजरा आणि गोजरा हे दोन गड बांधवले. किल्ल्यातून पूर्वेकडे पाहिलं की त्या टेकड्या दिसतात. आम्ही वर गेलो नाही. आत जलकंठेश्वराचं देऊळ आहे, त्याचा कल्याणमंडप खांबाखांबाने बघावा असा. या देवळात कित्येक शतकं मूर्तीच नव्हती, १९८१ मध्ये पुन्हा बसवली. १० जुलै १८०६ रोजी इथल्याच शिपायांनी कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला होता, सत्तावनच्या अर्धशतक आधी. सगळं मिळून अर्धा दिवस पुरतो. मोठ्या रुग्णालयामुळे गावात देशभरचे, विशेषतः बंगालचे, रुग्ण येतात. त्यामुळे लॉज भरपूर आहेत आणि माशाचा झोल-भातसुद्धा मिळतो, पण खोली आधी ठरवून ठेवा.

वेल्लोरहून तिरुवण्णामलै सुमारे ८० किलोमीटर आणि तिथून जिंजी अंदाजे ४०. जिंजी गावात राहायच्या सोयी बेताच्या आहेत, म्हणून मुक्काम तिरुवण्णामलैला करावा. बसवाल्याला 'जिंजी' म्हटलं तर तो नुसता बघत राहील, 'सेंजी' म्हणा. बसवरच्या पाट्या बहुतेक तमिळमध्येच असतात. फोनमध्ये त्या गावाचं तमिळ नाव उघडून कंडक्टरला दाखवणं सगळ्यांत सोपं.

आता जिंजी. तीन डोंगर: राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग, आणि तिन्ही एका तटाने जोडलेले. सह्याद्रीतला माणूस इथे आधी बुचकळ्यात पडतो. आपल्याकडे काळा कातळ एकसंध सरळ उठतो. इथे हत्तीएवढे, घराएवढे गोल धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे डोंगर आणि त्यांच्या फटींतून वर चढवलेली तटबंदी. १६७७ मध्ये महाराजांनी हा किल्ला घेतला, तट-बुरूज नव्याने मजबूत केले. तेव्हा रायगडापासून इतक्या लांबच्या किल्ल्यावर एवढा खर्च का, असं कुणाला वाटलंही असेल. बाराच वर्षांनी त्याचं उत्तर मिळालं. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, रायगड पडत असताना, राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून निघाले आणि बंगळूर, वेल्लोर करत १६८९ च्या अखेरीस इथे पोचले. मग मुघल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा पडला आणि जवळजवळ आठ वर्षं रेंगाळला. १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज निसटलेले होते. एवढा काळ स्वराज्याची राजधानी या धोंड्यांमध्ये होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा.

तिकीटघर उघडतं तेव्हा दारात हजर असा. राजगिरीचा माथा सुमारे ८०० फूट उंच आहे. पायऱ्या चांगल्या आहेत, पण सावली कमी. दुपार कलली की माथ्याकडे सोडत नाहीत. सवयीच्या माणसाला चढायला तास-सव्वा तास, रमतगमत गेल्यास दोन. पाणी प्रत्येकी दोन लिटर, आणि तेही पिशवीच्या आत. माकडं बाटली हातातून घेतात, झाकण उघडून पितात. खाण्याची पिशवी हातात धरून चढणाऱ्या एका कुटुंबाची शिदोरी पहिल्या दरवाज्यापाशीच संपलेली आम्ही पाहिली. माथ्याच्या थोडं खाली एक खोल घळ लागते. ती ओलांडल्याशिवाय बालेकिल्ल्यात जाता येत नाही. आज तिथे कायमचा पूल आहे. तेव्हा काढता-घालता येणारा होता. त्या पुलावर उभं राहून आठ वर्षांचा हिशोब मांडून बघा. वर रंगनाथाचं देऊळ, घंटेची इमारत, खजिन्याची इमारत आणि एक तोफ.

सासऱ्यांना आम्ही खालीच ठेवलं आणि त्यांचं काहीच बिघडलं नाही. किंबहुना ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी जिंजी हा महाराष्ट्रातल्या बहुतेक गडांपेक्षा सोयीचा आहे, कारण निम्मं वैभव पायथ्याशी आहे. पिरॅमिडसारख्या छपराचा उंच कल्याणमहाल, मजल्यावर मजले. कमानी छताची धान्याची कोठारं. ती इतकी मोठी की आत बोललेलं घुमतं. हत्तींचा तलाव, व्यायामशाळा, सादतुल्लाखानाची मशीद आणि थोडं बाजूला वेंकटरमणाचं देऊळ. देवळात नीट बघा, खांब गायब आहेत. त्याचं पुढे सांगतो. रस्त्यापलीकडचा कृष्णगिरी राजगिरीपेक्षा ठेंगणा. पाय शिल्लक असतील तर दुसऱ्या सकाळी तो करा, एकाच दिवशी दोन्ही नकोत. चेट्टीकुलम तलावाजवळ राजा देसिंगची आठवण सांगतात. हा जिंजीचा बुंदेला राजा तेजसिंह १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना अगदी कोवळ्या वयात मारला गेला. तमिळ लोकगीतांत आजही तो आहे, राजाराम महाराज मात्र नाहीत. मुलीला हे खटकलं. मला त्यात नवल वाटलं नाही. गाणी तिथेच पडलेल्याची होतात, निसटलेल्याची होत नाहीत.

जिंजीहून पुदुच्चेरी सुमारे ७० किलोमीटर. शुक्रवार ते रविवार तिथे चेन्नई-बंगळूरची गर्दी आणि खोल्यांचे चढे भाव, म्हणून सोमवार ते गुरुवारात बसवा. पिवळ्या भिंतींची फ्रेंच वस्ती, बेकऱ्या, कॅफे हे सगळे सांगतातच. समुद्रकाठच्या गांधीजींच्या पुतळ्याभोवतीचे उंच दगडी खांब मात्र मुद्दाम बघा. ते जिंजीचे. फ्रेंचांनी १७५० मध्ये जिंजी घेतली आणि १७६१ पर्यंत ती त्यांच्याकडे होती. त्या काळात उचललेलं नक्षीकाम इथे वाऱ्यावर उभं आहे.

पुढे किनाऱ्याने तरंगंबाडी. डॅनिश लोकांचा डान्सबोर्ग किल्ला, १६२० चा, तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या परवानगीने बांधलेला. १८४५ मध्ये डेन्मार्कने ही वसाहत इंग्रजांना विकून टाकली. लहानसा, नीटनेटका, पुढ्यात समुद्र. तासाभरात होतो. दुपारच्या उन्हात जाऊ नका, एवढंच.

तिथून मायिलाडुदुरै मार्गे कुंभकोणम, आणि इथे मुक्काम कराच. कावेरीचा हा भाग म्हणजे जेवणाचा मुलूख. देवळं दुपारी साधारण बारा-साडेबाराला बंद होतात ती चारला उघडतात. नवखे प्रवासी या चार तासांवर चिडतात. आम्ही ते जेवणाला आणि झोपेला दिले आणि सहलीची घडी तिथेच बसली. केळीच्या पानावरचं 'मील्स' दुपारीच मिळतं, रात्री मागू नका. आधी सांबार-भात, मग वत्तकोळंबू म्हणजे चिंचेचा दाट रस्सा, मग रसम-भात, शेवटी ताक किंवा दही-भात. पहिल्याच भातावर पोट भरू नका, वाढपी भात ढीगभर घालतो; हात आडवा धरायला शिका. संध्याकाळी टिफिन: इडली, डोसा, पोंगल (सण नव्हे, खिचडीसारखा भात). कुंभकोणम-तंजावरची खासियत म्हणजे कडप्पा, बटाटा आणि मूगडाळीचा पातळसर रस्सा, इडलीबरोबर खायचा. सगळीकडे रोज नसतो, बसण्याआधी विचारा. कॉफी पितळी डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात येते. 'कुंभकोणम डिग्री कॉफी'च्या पाट्या साऱ्या हायवेभर दिसतात. तिथली कॉफी पिऊन आधीच मत बनवू नका. तिरुवैयारूला गेलात तर मूगडाळीचा अशोका हलवा घ्या, गरम असेल तरच.

तंजावरला दोन दिवस द्या. एक पूर्ण सकाळ बृहदीश्वराला. राजराज चोळाचं हे देऊळ १०१० च्या सुमाराचं. गोपुरांतून आत गेल्यावर सगळे विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराकडे, मान वर करून चालतात. तुम्ही ते झालं की आवाराच्या भिंतीकडे वळा. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास तिथे दगडावर आहे, लांबच लांब. सासरे अर्धा तास ओळींवरून बोट न लावता वाचत होते, आणि दोन स्थानिक मुलं हे काय लिहिलंय म्हणून त्यांच्यामागे. पुदुच्चेरीनंतर गप्प गप्प झालेले ते त्या दिवशी भरपूर बोलले.

राजवाडा दुसऱ्या दिवशी. १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत इथे भोसल्यांची गादी होती. म्हणजे साताऱ्याची गादी खालसा झाली त्यानंतरही काही वर्षं. दरबार हॉल रंगीत, जरा उपेक्षित. कलादालनातली चोळ काळातली कांस्य शिल्पं मात्र भारतातल्या कुठल्याही संग्रहाला भारी पडतील. तिथे घाई करू नका. सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय एका दालनाचं आहे, पण ताडपत्रं, मोडी कागद, चित्रं सगळं मराठी माणसाला ओळखीचं. सुट्टीचा वार आणि दुपारची बंद वेळ आधी बघून जा. शिवगंगा किल्ल्यातलं श्वार्ट्झ चर्च (१७७९) बहुतेक जण चुकवतात. त्यात सरफोजींनी आपल्या मिशनरी गुरूच्या स्मरणार्थ इंग्लंडमधल्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून घडवून आणलेला संगमरवरी शिल्पपट आहे. मरणशय्येवरचे गुरू आणि त्यांचा हात धरलेला पागोट्यातला मराठी राजा.

सांबार तंजावरच्या मराठी दरबारात, संभाजी महाराजांच्या पाहुणचारात जन्मलं, ही कथा तुम्हाला प्रत्येक गाईड सांगेल. पुरावा मागितलात तर तो हसेल. मला विचाराल तर सांबाराच्या मागे लागू नका, इथल्या तमिळ ब्राह्मण घरांत होणारी डांगर पचडी खा: उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आपलं डांगरच ते. खानावळीत सहसा मिळत नाही. ओळखीतलं कुणी असेल तर हक्काने मागा.

दिवस कमी असतील तर तरंगंबाडी आणि पुदुच्चेरी वगळा, जिंजीचा एकही तास कापू नका. एक दिवस जास्त असेल तर तंजावरहून किनाऱ्याकडे सेतुभावछत्रमजवळचा मनोरा गाठा. नेपोलियनवर इंग्रजांनी विजय मिळवला म्हणून सरफोजींनी १८१४-१५ मध्ये बांधलेला षट्कोनी बुरूज, पॅरिसपासून इतक्या दूर, मच्छीमारांच्या होड्यांसमोर. जायला-यायला गाडी ठरवावी लागते. परतीला तंजावरहून तिरुचिरापल्ली जवळ पडतं, सुमारे ६० किलोमीटर; तिथून रेल्वे आणि विमान दोन्ही आहेत. कुंभकोणमची पितळी भांडी घ्यायची असतील तर ती तिथेच घ्या, स्टेशनवर नको; आणि डबरा-टंबलर हातातल्या सामानात ठेवा, चेपतात.